सीलबंद ओरखडे

नव्या वस्तूवर ओरखडा दिसला की आधी राग येत नाही, संशय येतो. हा इथे आला कसा? जुन्या वस्तूंवरच्या ओरखड्यांना निदान आईबाप असतात. आमच्या जेवणाच्या टेबलावर एक खोल रेघ आहे. ती कुणाच्या करकटकाची, त्या दिवशी मार कुणाला बसला आणि खरा गुन्हेगार कोण होता, हे आमच्याकडे दिवाळीला सगळे जमले की अजून उगाळलं जातं. नव्या वस्तूवरचा ओरखडा मात्र बेवारशी. वापरलीच नाही ती वस्तू झिजली कशी?

हे कोडं मला घातलं डीव्हीडींच्या एका संचानं. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’, सगळेच्या सगळे ५३ भाग. १९८८-८९ साली ही मालिका दूरदर्शनवर आली तेव्हा देश ‘महाभारता’त बुडालेला होता. ‘महाभारता’साठी रस्ते ओस पडत, हिच्यासाठी पडले नाहीत. आमच्या घरी मात्र ती बघितलीच जायची, आणि त्याचं कारण इतिहासप्रेम नव्हतं. आईचं माहेर नगरचं, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचं. नेहरूंनी ज्या पुस्तकातून ही मालिका घडली ते १९४४ साली, एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, नगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलं. त्यामुळे मोहेंजोदडो असो की मुघल, सगळा भारत शेवटी आपल्या गावातून निघालाय, असा आजोबांचा एकूण सूर असे. नेहरू झालेले रोशन सेठ पडद्यावर आले की आजोबा खुर्चीत सावरून बसत. पाहुणा आपल्या गावचा ना!

तर पंधरा-एक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानात मला तो संच दिसला. दुकानाचं नाव सांगत नाही. संच कुणी काढला होता तेही नाही. जाडजूड खोका, वर कडक प्लास्टिकचं आवरण. किंमत ऐकून हात एकदा खिशाकडे आणि एकदा दाराकडे गेला. घेतला. घरी येऊन आवरण फाडलं, खोका सहज कानाशी हलवला, आणि आत काहीतरी डब्यातल्या सुपारीसारखं खुळखुळलं.

डीव्हीडीची पेटी ज्यांनी उघडली आहे त्यांना हा आवाज पाठ असेल. तबकडीच्या मधल्या भोकाला धरून ठेवणारी प्लास्टिकची एक फुली असते, तिला बारीक दात असतात. त्यातला एखादा दात मोडला की तबकडी सुटते, आणि मोडलेला दातही आतच राहतो. मग कारखान्यातून गोदामात, गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून दुकानात असा तिचा जो प्रवास होतो त्यात ती आतल्या आत फिरत राहते. सील शाबूत, खोक्याचा कोपरासुद्धा दबलेला नाही. जे काही झालं ते बंद दाराआड. संचांचे पुठ्ठ्याचे खिसे तर याहून वाईट. दिसायला देखणे, पण तबकडी आत सरकवताना आणि बाहेर ओढताना दर वेळी घासते. देखणेपणाच्या पायी वस्तूची चामडी सोलणारी ही कल्पना ज्याला सुचली त्याने कधी स्वतःच्या पैशाने संच घेतला नसावा.

सुटलेली तबकडी नेमकी शिवाजी महाराजांच्या भागांची होती.

मी ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. सरळ धरली तर काहीच दिसत नाही, फक्त आपला चेहरा आणि सप्तरंगी पट्टा. थोडी कलती केली की पट्टा सरकतो आणि त्याच्यामागून रेघ वर येते. ही रेघ मधून बाहेर जाणारी नव्हती. तबकडीच्या गोलाईला धरून गेलेली, बोटभर लांबीची कमान होती ती. जवळ नेल्यावर कळलं की ती एक नाही. पाच-सहा बारीक रेघा एकमेकींना चिकटून, मधे दाट, टोकांना विरळ. बोटाचं नख फिरवलं तर किंचित अडकत होतं. नख अडकलं की समजावं, प्रकरण फडक्याने निभणारं नाही.

कमान असणं ही सगळ्यात वाईट गोष्ट. तबकडीवरची माहिती आतून बाहेर वळत जाणाऱ्या एकाच सलग वाटेवर लिहिलेली असते. दोन वळणांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. एका थरावरची ही वाट उलगडली तर जवळजवळ १२ किलोमीटर भरेल. ओरखडा मधून कडेकडे आडवा गेला तर तो प्रत्येक वळणाला फक्त ओलांडतो, इथे एक कण, तिथे एक कण गिळतो. पण वाटेच्याच दिशेने गेलेला ओरखडा एका वळणावरचा लांबच लांब पट्टा सलग झाकून टाकतो. म्हणून तर तबकडी पुसायची ती मधून कडेकडे, गोल गोल नाही. जे गोल पुसतात ते आपल्या हाताने कमानी काढत असतात.

माहिती प्रत्यक्षात पृष्ठभागावर नसतेच. १.२ मिलिमीटर जाडीच्या त्या चकतीच्या बरोब्बर मध्यात, प्लास्टिकच्या दोन पातळ थाळ्यांच्या बेचक्यात ती असते. ओरखडा तिच्यापर्यंत पोचलेला नसतो. तो फक्त तांबड्या लेझर किरणाची नजर भरकटवतो. शिवाजी महाराज आत सुखरूप होते, दार लागत नव्हतं इतकंच. याचं त्या क्षणी मला काडीचंही समाधान वाटलं नाही.

आमच्याकडे पूर्वी ७८च्या तबकड्या होत्या. एका नाट्यपदाच्या तबकडीवर चरा होता, आणि दर फेरीला, म्हणजे पाऊण सेकंदाला, ‘टक्’ असा आवाज व्हायचा. वडील त्या टक्‌वर मांडीवर थाप द्यायचे. गायकाची लय सुटली तरी चऱ्याची सुटत नसे. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची (१९३६) एक जुनी प्रिंट मी पाहिली होती, तिच्यात सबंध देहूवर पाऊस पडत होता. फिल्म यंत्रातून वरून खाली धावते, वाटेत धुळीचा कण अडकला की उभी रेघ पडते, आणि शेकडो खेळांनंतर अशा रेघांची झड लागते. पण पावसातूनही तुकाराम चालत राहतो. आणि त्या पावसाचा प्रत्येक थेंब कुणीतरी चित्रपट पाहिल्याचा असतो. तिथे ओरखडा म्हणजे हजेरीपट.

डीव्हीडी असं वागत नाही. ती आपली जखम शेवटपर्यंत लपवते. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० साली एक युक्ती मांडली: मूळ माहितीबरोबर काही जादा आकडे असे जोडायचे की मधले थोडे आकडे हरवले तरी उरलेल्यांवरून ते परत काढता यावेत. त्या युक्तीच्या भरवशावर व्हॉयेजर-२ने १९८९ साली नेपच्यूनजवळून चित्रं पाठवली, आणि त्याच भरवशावर डीव्हीडी चालते. तिच्यात दर १७२ बाइटच्या ओळीमागे १० जादा बाइट असतात, आणि अशा १९२ ओळी झाल्या की खाली आणखी १६ ओळी निव्वळ राखणीच्या. त्यामुळे बारीकसारीक चरे, बोटांचे ठसे, धूळ यांचं यंत्र आपल्याला काही कळू देत नाही. गणित करून भोकं बुजवतं आणि चित्र नितळ दाखवतं. काही मिलिमीटर सलग माहिती गेली तरी ते सांभाळून घेतं. त्या पलीकडे मात्र एकदम हात वर. टक् नाही, पाऊस नाही, कसली पूर्वसूचना नाही.

मी ती तबकडी लावली. (तिला तशीच परत द्यायला हवं होतं असं घरातून सांगण्यात आलं. पण ओरखडा कुठे लागतो ते बघायची खाजही असतेच.) भाग नीट सुरू झाला. शिवाजी झालेले नसीरुद्दीन शाह बोलत होते. वाक्याच्या मध्यावर ओठ थांबले, आवाज गेला. मग कपाळाचे चौकोन झाले. एक चौकोन डावीकडे सरकला आणि त्या जागी मागच्या माणसाच्या पागोट्याचा रंग झिरपला. चेहरा कालचा, हालचाल पुढची, असं काहीतरी विपरीत. यात भूतबाधा नाही. डीव्हीडीत पूर्ण चित्र साधारण अर्ध्या सेकंदाला एकदाच साठवलेलं असतं. मधल्या चित्रांमध्ये फक्त ‘काय बदललं’ एवढंच टिपलेलं असतं. पूर्ण चित्र वाचता आलं नाही की यंत्र जुन्याच चेहऱ्यावर नवे बदल थापत सुटतं. तेवढ्यात यंत्राच्या पोटातून कुरकुर ऐकू आली. लेझरचा डोळा मागे जात होता, पुढे येत होता, पुन्हा वाचू पाहत होता. मग पडदा काळा, आणि थेट पुढचा प्रसंग. काय बोलले ते कळलंच नाही.

उपाय सांगणारे भेटलेच. टूथपेस्ट लावा, केळ्याचं साल घासा, इथपासून ते मंडईजवळ कुणाकडे तरी घासून देण्याचं मशीन आहे इथपर्यंत. मूळ तत्त्व एकच: चऱ्याच्या कडा झिजवायच्या किंवा चरा भरून काढायचा, म्हणजे किरण सरळ जाईल. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, त्यामुळे कधीकधी गुण येतो. पण पाचशे रुपयांच्या वर मोजलेल्या नव्याकोऱ्या वस्तूला दात घासायला लावायचं, हे मला मानवेना.

खरी पंचाईत निराळीच होती. या एका तबकडीचं कळलं ते ती खुळखुळली म्हणून. बाकीच्यांचं काय? ट्यूबलाइटखाली सगळ्या फिरवल्या, काहींवर केसाएवढ्या रेघा होत्या. त्या गणितात मावतील की नाही हे पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि पाहायचे ५३ भाग! संच आपण घेतो तो घाई नाही म्हणून. आठवड्याला एक, पावसाळ्यात दोन, असा मनातला हिशोब असतो. दुकानदाराची परतीची मुदत मात्र आठ दिवसांची. म्हणजे सगळा भारत आठ दिवसांत शोधून काढायचा. मी दोन-तीन तबकड्या दुप्पट-चौपट वेगाने पळवून पाहिल्या. अशोक कलिंगावरून तरातरा गेला, त्याला पश्चात्ताप व्हायला सवडच मिळाली नाही. मग ते सोडून दिलं. वस्तू तपासण्यासाठीच संपवून टाकायची असेल तर मग घ्यायची कशाला?

मुदतीतच दुकानात गेलो. मालक गल्ल्यावर होते.

“सील फोडलंत तुम्ही,” खोका हातातही न घेता ते म्हणाले.

“अहो काका, फोडल्याशिवाय ओरखडा दिसणार कसा?”

“तेच म्हणतोय. न फोडता आणला असतात तर लगेच बदलून दिला असता.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पण मी तबकडी काढून त्यांच्या डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली धरली आणि ती कमान त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बघितलं, नख फिरवलं. नख अडकलं. माणूस जाणकार होता. मागच्या फळीवरून त्यांनी दुसरा संच काढला, पेपर कापायच्या पात्याने आवरण चिरलं, आतली शिवाजीची तबकडी उचलून माझ्या खोक्यात बसवली आणि माझी खराब तबकडी त्या संचात ठेवून झाकण लावलं. सगळा व्यवहार अर्ध्या मिनिटात.

“आता त्या संचाचं काय?”

“काय म्हणजे?” त्यांनी मानेनेच मागे खूण केली. पोराने तोवर खोक्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली होती आणि केस वाळवायच्या यंत्राएवढ्या एका यंत्रातून तिच्यावर गरम हवा सोडायला सुरुवात केली होती. पिशवी आक्रसली, कोपऱ्यांवर घट्ट बसली. संच नवाकोरा.

मी माझ्या खोक्याकडे पाहिलं. “म्हणजे माझा पण...”

“छे छे. तुमचा कंपनीचा होता.” मग जरा थांबून, “बहुतेक.”

कुणीतरी माझ्याआधी आलं असेल, त्याची तबकडी खुळखुळली असेल, आणि त्याचा ओरखडा घेऊन मी घरी गेलो असेन. बेवारशी म्हणत होतो त्याला बाप असण्याची शक्यता निघाली. आणि आता माझा ओरखडा फळीवर जाऊन दुसऱ्या कुणाची तरी वाट बघत बसणार होता. मी तसं बोलून दाखवलं.

“ती मी कंपनीला पाठवणार आहे हो,” ते म्हणाले. पोरगा खोका फळीवर, पुढच्या रांगेत ठेवत होता. “आणि तुम्ही कशाला जिवाला लावून घेता? तुमचा शिवाजी नीट निघाला ना? इथे येणारा जो तो तेवढीच एक तपासतो. चोळांची कोण बघतंय?”

मी चोळांची काढली आणि तिरकी धरली. पट्टा सरकला, मागून कमान वर आली.

“ही पण बदलून द्या.”

काकांनी फळीकडे पाहिलं, मग पोराकडे. “बाळ्या, तिसरा फोड.”