यादी पाहुण्याची

मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यात यादी करण्याचे प्रसंग तीन. लग्न, दिवाळी आणि पहिलं बाळ. लग्नाची यादी दोन्हीकडची मंडळी मिळून करतात आणि दोघंही पाळत नाहीत. दिवाळीची यादी बायको करते आणि बोनसचा आकडा ती दुरुस्त करतो. पहिल्या बाळाची यादी मात्र सगळा गाव करतो. ज्यांना मुलं झाली आहेत ते करतात, ज्यांना झालेली नाहीत ते करतात आणि सर्वांत मन लावून दुकानदार करतो.

मी पडलो बँकेतला कारकून, त्यात बी.कॉम. कुणाचीही यादी हातात आली की आधी तिची बेरीज मारायची, ही वीस वर्षांची खोड. त्यामुळे आमच्या शाखेतल्या तरुण कॅशियरने, घरी सातवा महिना सुरू आहे म्हणून, मोबाईलवरून उतरवलेली चौसष्ट वस्तूंची यादी जेवणाच्या सुट्टीत पुढे केली, तेव्हा मी डबा बाजूला सारला आणि पेन्सिल काढली.

यादी इमानाने केलेली होती. बाटल्या उकळण्याचं यंत्र, दूध कोमट करण्याचं यंत्र, बाळाचं रडणं दुसऱ्या खोलीत ऐकवणारं यंत्र (आमच्या कॅशियरच्या घरात दुसरी खोली म्हणजे शेजाऱ्यांची), अंघोळीच्या पाण्यात सोडायचं बदकाच्या आकाराचं थर्मामीटर. एक यंत्र तर बाळाला पुसायचे ओले कागद गरम ठेवणारं होतं. आता बुलढाणा घाटावर आहे, जरा थंड. पण कॅशियरची सासुरवाडी मलकापूर आणि तारीख मे महिन्यातली. मलकापुरात मे महिन्यात ओली वस्तू गरम करायला यंत्र लागत नाही, ती ओली ठेवायला लागतं.

मग माझ्या ध्यानात आलं की ही यादी चूक नाही, पत्ता चूक आहे. ज्या मुलखात आजी घरात नसते, तिथे तिच्या जागी बारा यंत्रं लागतात. आमच्याकडे अजून आज्या आहेत. त्यांना सेल लागत नाहीत आणि त्या न विचारता चालू होतात.

पण आजीचा कायदा वेगळा. आमच्या वऱ्हाडात बाळ येण्याआधी त्याच्या नावाने सुतळीचा तोडाही विकत आणत नाहीत. पाळणा तर नाहीच. बाळंतविडा यायचा तो बाळ आल्यावर. आमच्याकडे पहिल्या वेळी मी नुसतं "एखादं झबलं घेऊन ठेवू का?" म्हणालो, तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिजोरीची किल्ली पानटपरीवर ठेवून आलो. तीच आई दुपारभर आपली जुनी लुगडी फाडत बसलेली. काय करतेस विचारलं, तर म्हणाली, "पिशव्या शिवते." पिशव्यांना बाह्या कशा, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

हसू येतं खरं. पण या रिवाजामागचा हिशेब पाहिला की हसू ओठातच थांबतं. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. म्हणजे जवळजवळ आठात एक. माझ्या आईला आकडे ठाऊक नव्हते, तिला घरं ठाऊक होती. कुठल्या घरात पाळणा टांगला आणि तसाच उतरवावा लागला, हे आळीतल्या प्रत्येक बाईला पाठ असे. आधी काही आणायचं नाही, म्हणजे नंतर डोळ्यांसमोर काही उरत नाही. त्याला आपण अंधश्रद्धा म्हणतो. आमच्या भाषेत ती बुडीत कर्जाची आगाऊ तरतूद होती.

२०२० साली हाच आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ वर आला. तेव्हा आता चार वस्तू आधी आणायला हरकत नाही. फक्त कोणत्या चार, एवढंच ठरवायचं.

कपड्यांपासून सुरू करू. बाळाच्या कपड्यावरचा घसारा आयकर खात्यालाही झेपणार नाही. दोन महिन्यांत झबलं तोकडं, म्हणजे शंभर टक्के घसारा. सहा-आठ झबली, दोन टोपडी, चार दुपटी पुष्कळ झाली. लंगोटाचा हिशेब मी कॅशियरला कागदावर मांडून दिला. दिवसाला आठ डायपर, एकाचे दहा रुपये धरले तर महिन्याला चोवीसशे. उलट एका जुन्या सुती नऊवारीत पंचवीस-तीस लंगोट निघतात, ते धुऊन पुन्हा वापरता येतात आणि शंभरदा धुतलेल्या कापडाइतकं मऊ कापड कुठलीच गिरणी काढत नाही. रात्रीपुरते आणि प्रवासापुरते डायपर घ्यावेत. धुणारीही माणूसच आहे. (हे वाक्य मला घरातून सांगण्यात आलं आहे.)

दुधाची बाटली आणि ती उकळण्याचं यंत्र मी खोडलं. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, असं डॉक्टर सांगतात. काही अडचण असेल तर डॉक्टरच काय ते ठरवतील. आपल्याकडे १९९२ सालच्या कायद्याने दुधाच्या बाटलीच्या जाहिरातीला बंदी आहे. ज्या वस्तूची जाहिरात करायला सरकार बंदी घालतं, ती यादीत तिसऱ्या क्रमांकावर कशी आली, याचा खुलासा कॅशियरला करता आला नाही. चाकांचा वॉकरही खोडला. कॅनडाने २००४ साली तो विकायलाच बंदी केली, कारण पाय फुटायच्या आधी चाकं फुटलेलं मूल थेट जिन्यावरून खाली जातं.

आज्यांच्या खात्यावरही थोडी काट मारावी लागली. मध चाटवणं वर्षभर नको. उगाळलेली गुटी, डोळ्यांत काजळ आणि कोंडलेल्या खोलीत धुरी, हेही नको. गोधडी मात्र हवी. आणि अंगाची ऊब. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास काचेच्या पेट्या कमी पडल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली आणि ती बाळं जगली. आता जगभर हा उपचार मानतात. हे काम बापालाही जमतं. बँकेतल्या माणसाची छाती आजवर फक्त ऑडिटच्या वेळी धडधडत होती, तिला प्रथमच काही उपयोग निघाला.

एवढं झाल्यावर मी यादीची बेरीज मारली. चौसष्टपैकी त्रेसष्ट वस्तू बाळाच्या. एक बापाची, खांद्याला लावायची पिशवी. आईची एकही नाही. जिच्या नावावर सगळा व्यवहार उभा, त्या खातेदाराचं नावच अर्जात नव्हतं.

आमच्या शाखेतला म्हातारा चौकीदार दाराशी उभा राहून हे सगळं ऐकत होता. पाच लेकरांचा बाप. तो म्हणाला, "भाऊ, लेकराले एवढं काहून लागते? लेकराले माय लागते. मायले पाहा."

एका वाक्यात ऑडिट संपलं. मग आम्ही नवी यादी केली. पहिली ओळ, गाडी. मोताळ्याकडून रात्री राजूर घाट चढून बुलढाण्याला यायचं तर ओळखीच्या जीपवाल्याचा नंबर आणि १०८, दोन्ही हवेत. हा १०८ आपल्या राज्यात २०१४ पासून आहे. दुसरी ओळ, रक्त. तिचा गट कागदावर आणि तोच गट असलेले दोन इसम, वेळेला फोन उचलणारे. तिसरी, लोहाच्या गोळ्या. १८० सांगितल्या असतील तर १८० पोटात जायला हव्यात, फडताळात नव्हे. चौथी, फाईल. तपासणीचे सगळे कागद एका जागी. पाचवी, हाताशी रोख. सरकारी दवाखान्यात २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. तरी चहा कुठल्याच योजनेत बसत नाही. सहावी, पुढून बटणं असलेले दोन गाऊन, डिंक आणि अळीव.

सातवी ओळ कुठल्याही दुकानात मिळत नाही. झोप. दिवसातून दोनदा बाळाला दुसऱ्या कुणीतरी घ्यायचं आणि तिला निजू द्यायचं. त्यासाठी बापाची पंधरा दिवसांची रजा यादीत घातली. कॅशियर ती पोर्चला ग्रिल बसवण्यासाठी राखून ठेवणार होता.

जन्माची नोंद तेवढी एकवीस दिवसांत करा, तोवर फी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे.

वाळे, करदोडा, चांदीची वाटी, चमचा वगैरेंची काळजी आपण करू नये. खामगाव जवळ आहे, चांदीसाठी गाजलेलं आहे, आणि बारशाला कानात कुर्र करायला आत्याबाई येणारच आहेत. पाळण्याचं तर मुळीच नाही. तो आणण्याची जबाबदारी ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहे, तो बाळाचा मामा यादी पाहायलासुद्धा तयार नाही. तो म्हणतो, आधी ताई सुखरूप सुटू दे, मग पाळणाच काय, पाळण्यावरचा पोपटही आणतो.