अर्धी होडी

गेल्या साली पावसाआधी घराची कौलं उतरवली, तेव्हा माळ्यावर बाबांची होडी सापडली. हातभर लांब, सागाची. एका अंगाला फळ्या ठोकलेल्या, दुसऱ्या अंगाला नुसते बाभळीचे वाक, म्हणजे होडीच्या बरगड्या. ताटात एका बाजूनं खाऊन ठेवलेल्या पापलेटासारखी.

आम्ही शेतकरी, खाजणात भात लावणारे. पण झोडणी उरकली की बाबा होड्या बांधणाऱ्या मेस्त्रीच्या हाताखाली जायचे. तेव्हा होड्या लाकडाच्याच, फायबर नंतर आलं. फावल्या वेळात त्यांनी ही छोटी होडी घेतली. म्हणाले, “दहावी पास हो, मंग शीड चढवू.”

1977 ला मी गणितात गचकलो. बाबा काही बोलले नाहीत. होडी माळ्यावर गेली. मी परत परीक्षेला बसलो नाही, नांगर धरला. पुढं पंचवीस-तीस वर्षं एका पंगतीला जेवलो, पण होडीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. मला वाटायचं, राग आहे.

आता खाली उतरवली तर होडीच्या पोटात एक जुडी. काथ्यानं बांधलेली, कॅलेंडरच्या पानात गुंडाळलेली. उघडली तर दुसऱ्या बाजूच्या फळ्या! कापून, रंधा मारून तयार. प्रत्येकीवर पेन्सिलीचा आकडा, 1 ते 7. पान बघितलं. मार्च 1984.

त्या दिवशी मी कौलं चढवली नाहीत.

दोन फळ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. त्या जुन्या दाराच्या चौकटीतून काढल्या. फळी सरळ, होडी वाकडी; गरम पाण्यात भिजवून, रात्रभर बांधून ठेवावी लागते. तीन मोडल्या तेव्हा दोन बसल्या. सांध्यात तेल-राळेत भिजवलेला कापूस भरला. खऱ्या होडीतही तसाच ठोकतात, मग लाकूड पाण्यात फुगलं की सांधा आणखी घट्ट होतो.

काम चालू असताना एक बंगलेवाले भाव विचारून गेले. 2020 पासून रोरो आहे, मुंबईहून गाडीसकट माणसं मांडव्याला उतरतात. त्यांना होडी अर्धीच पाहिजे होती. तशीच, वाळवीसकट.

शेजारचे म्हातारे तांडेल मात्र येऊन बसले. होडी फिरवून फिरवून बघितली. “ही बाजू तुज्या बापाची नि ही तुजी. सांगाला नको.”

नारळी पुनवेला नातवाला घेऊन खाजणाच्या उघाडीपाशी गेलो आणि होडी पाण्यात सोडली. पाणी आत आलं नाही. पण माझ्या अंगाला कलली. नातवानं बांधावरचे दोन खडे उचलून पणज्याच्या बाजूला ठेवले, तेव्हा सरळ झाली.