अर्ट्सगेबिर्गेची स्प्रूस-वने

जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक यांच्या सीमेवर सुमारे दीडशे किलोमीटर पसरलेल्या पर्वतरांगेस जर्मन लोक अर्ट्सगेबिर्गे, म्हणजे ‘खनिजांचे पर्वत’ म्हणतात. येथील चांदीने अनेक नगरे संपन्न केली. खाणींना व भट्ट्यांना लाकूड लागे; म्हणून बीच आणि फर यांची मिश्र वने तुटली व त्यांच्या जागी भराभर वाढणाऱ्या स्प्रूसची लागवड झाली. कुलू-मनालीकडे देवदारांच्या सोबतीने दिसणारा ‘राई’ वृक्ष याचाच भाऊबंद.

दक्षिण पायथ्याशी तपकिरी कोळशाचे प्रचंड साठे आहेत. त्यासाठी मोस्त हे जुने शहर पाडण्यात आले. तेथील पुरातन चर्च मात्र १९७५ साली रुळांवरून ८४१ मीटर सरकवून वाचविले. माथ्यावरच्या वनाच्या वाट्याला एवढी काळजी आली नाही. वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोळशातील गंधकाचा वायू, सल्फर डायऑक्साइड, वाऱ्यासोबत वर चढे व सुईसारख्या पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरे. बीच दर शरदात पाने झाडून मोकळा होतो. स्प्रूसचे पान अनेक वर्षे टिकते. ही त्याची एरवीची पुंजी, पण विषही त्यातच साचत जाते. आधी जुनी पाने गळतात, शेंडा विरळ होतो, खोडातील वार्षिक वलये अरुंद होतात. १९७० व १९८०च्या दशकांत येथे डोंगरमाथेच्या माथे वाळून गेले.

हे अज्ञानातून घडले असे म्हणता येत नाही. याच पर्वताच्या उत्तरेस थारांट येथे युलियस अडोल्फ श्टोखार्ट या रसायनशास्त्रज्ञाने भट्ट्यांच्या धुराचा झाडांवरील परिणाम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच तपासला होता. उणीव होती ती खर्च करण्याच्या तयारीची.

ती तयारी १९९१च्या चेक कायद्याने करविली. वीजकेंद्रांना १९९८ अखेरची मुदत मिळाली. धूर चुनखडीच्या द्रावणातून धुतला जाऊ लागला आणि गंधकवायूचे उत्सर्जन सुमारे नऊ-दशांशाने घटले. या धुण्यातून निघणारे जिप्सम भिंतींच्या तक्त्यांसाठी विकले जाते, हे व्यापारी वाचकांना रोचक वाटेल.

तग धरलेल्या झाडांनी हवा निवळताच प्रतिसाद दिला. जुन्या फांद्यांवरील सुप्त कळ्या फुटल्या, त्या दुय्यम फुटव्यांनी विरळ शेंडे भरून काढले आणि वलये पुन्हा रुंद झाली. जमीन मात्र इतक्या लवकर सावरलेली नाही. आम्लवर्षावाने तिच्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम वाहून गेले. त्यासाठी विमानांतून चुनखडीची भुकटी टाकावी लागली. ओसाड माथ्यांवर धूर सोसणारा म्हणून अमेरिकेचा निळा स्प्रूस लावला होता. पुढे त्याच्या कळ्यांनाच बुरशीने ग्रासले. आता त्याच्या जागी बीच आणि फर पुन्हा लावले जात आहेत.