राजगृह : ग्रंथांसाठी बांधलेले घर

६ डिसेंबरला सातारा-सांगलीकडचे आपले बंधु-भगिनी चैत्यभूमीला जातात. त्यांनी तिथून दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह अवश्य पाहावे.

बाबासाहेबांचे बालपण साताऱ्यात गेले. न्हावी शिवत नसे, म्हणून थोरली बहीणच घरी केस कापी. पुढे मुंबईत परळच्या चाळीत दोन खोल्या. त्यांतच संसार आणि त्यांतच पुस्तके. तेव्हा कर्ज काढून त्यांनी हे घर बांधायला घेतले. १९३३ च्या सुमारास ते पुरे झाले. बांधकामावर नजर त्यांची स्वतःची. कुटुंब तळमजल्यावर, आणि सर्वांत वरचा मजला ग्रंथालयाला! लोक आधी दिवाणखाना आखतात, बाबासाहेबांनी कपाटांची जागा आखली. नावही मगधाच्या जुन्या राजधानीचे. तिथेच बिंबिसाराने तथागतांना वेळुवन दान दिले होते.

रमाईंना या घराचे सुख फार लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी इथेच त्यांचे निधन झाले. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा याच दारातून निघाली.

तळमजल्यावर संग्रहालय आहे, अस्थिकलश आहे. वंदन झाले की बाहेर येऊन मुलांना वरच्या मजल्याच्या खिडक्या दाखवा.