निवाडा नंतर

यंत्रमागाच्या कारखान्यात दिवाणजी म्हणून माझं आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं. कोणत्या मागावर किती मीटर कापड उतरलं, कुणाची मजुरी किती झाली, उचल कुणी घेतली, हे रोज लिहायचं. रात्री जेवणं झाली की दुसरी वही काढायची. तीत दिवसभरात पाहिलेलं, ऐकलेलं, मनात अडकून राहिलेलं उतरवायचं. तरुणपणी लागलेली ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

आमच्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग १९०४ साली बसवला. आपटे वाचन मंदिर त्याच्याही आधीचं, १८७० सालचं. १९७४ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं तेही याच गावात. तरीसुद्धा लिहिणं हे शिकल्या-सवरलेल्यांचं काम, असं मागावरची माणसं मानत आली. मला ते कधीच पटलं नाही. आपल्या जगण्याकडे वळून बघायचा हक्क सगळ्यांना सारखाच आहे.

जुन्या वह्या चाळताना एक गोष्ट ठळकपणे कळते. 'आज फार वाईट वाटलं', 'अमका माणूस स्वार्थी आहे' अशी वाक्यं आज मुकी झाली आहेत. त्यांतून ना तो माणूस दिसतो, ना तेव्हाचा मी. जिथे साधा तपशील टिपला आहे, तिथे मात्र दर वाचनात नवं काही हाती लागतं.

माझे वडील मागावर काम करायचे. एका पानावर लिहिलंय : 'रात्रपाळी. वीज गेली. सगळे माग थांबले. बाबा माझ्या शेजारीच उभे, तरी ओरडूनच विचारलं, सूत आलं का रं?' पुढे त्यांच्यावर कथा लिहायला घेतली, तेव्हा ही नोंद पुन्हा वाचली. कथा त्यांच्या बाजूने सांगायची होती, म्हणून त्यांच्या जागी उभं राहणं भाग होतं. मागांच्या खडखडाटात उभी हयात काढलेल्या माणसाला स्वतःचाच आवाज किती ऐकू येत असेल? लहानपणी घरात ज्याला आम्ही राग समजत होतो, ती कानांची झीज होती. बाबा तेव्हा हयात नव्हते, पण त्या कथेनंतर माझ्या मनातलं त्यांच्याशी असलेलं नातं बदललं.

रोजनिशी तपशील जपते आणि कल्पना त्या तपशिलात दुसऱ्याचा जीव घालते. आत्मपरीक्षणाला मला दोन्ही लागतात. शेजारच्या कागलचे आनंद यादव 'झोंबी' (१९८७) लिहून थांबले नाहीत. 'नांगरणी', 'घरभिंती', 'काचवेल' लिहीत आपल्याच आयुष्याकडे पुन्हा पुन्हा वळले. लक्ष्मीबाई टिळकांना अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. १८९५ मध्ये पती ख्रिस्ती झाले आणि दोघांची काही वर्षं ताटातूट झाली. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. एवढं सोसूनही त्या घडलेले प्रसंग समोर ठेवतात, कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीत.

म्हणून कांड्या भरणाऱ्या बायकांना, मागावरच्या पोरांना मी आवर्जून सांगतो : तारीख घाला, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि निवाडा लांबणीवर टाका. तो द्यायला दहा वर्षांनी तुम्ही अधिक लायक असाल.