गाडी लेव्हलला, पण कोणत्या वजनाला?

पिकअपचं मागचं अंग बसलंय हे आधी समोरून येणाऱ्याला कळतं. पाचोडला मोसंबीचे कॅरेट भरून आम्ही धुळे-सोलापूर रस्त्याने शहराकडे निघालो की आडूळ येईपर्यंत समोरचे गाडीवाले लाइट मारमारून हैराण करायचे. धाकटा भाऊ वैतागायचा, "डिपरवरच आहे रे बाबा, आता बंद करू का?" दिवे खरंच डिपरवर असायचे. मागचा भाग खाली गेल्याने बॉनेट वर उचललेलं आणि उजेड डांबराऐवजी लोकांच्या डोळ्यांत.

गाडी जुनी, आधीच्या मालकाने विटा वाहिलेली. काही करायला हवं यावर घरात एकमत होतं, काय करायचं यावर नव्हतं. भावाने मोबाईलवर लेव्हलिंग किटचे व्हिडिओ पाहून ठेवले होते. ते बहुतेक अमेरिकेतले. तिकडच्या पिकअप कारखान्यातूनच मागे उंच, पुढे जराशा झुकलेल्या येतात, म्हणजे माल पडला की सरळ व्हाव्यात. पण बऱ्याच जणांच्या हौद्यात कधी माल पडतच नाही, मग तो झुकाव डोळ्यांना खुपतो. म्हणून पुढच्या स्प्रिंगपाशी स्पेसर घालून एक-दोन इंच उचलतात, की झाली गाडी दिसायला सरळ. आपल्याकडे रोग उलटा. पुढे स्पेसर घातला असता तर आमचं बॉनेट आणखी वर गेलं असतं.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काम करणारे एक वयस्क उस्ताद भावाच्या ओळखीचे होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "भाऊ, लेव्हल खाली गाडीची पाहिजे का भरलेल्या गाडीची?" दोन्ही एकदम मिळत नाही, हे मला त्या प्रश्नाने समजलं. पाटा वजनाप्रमाणे दबणारच. सरळ रेषा साधायची ती एकाच वजनाला.

म्हणून आधी माप घेतलं. शहरातल्या जाधववाडीच्या बाजारात माल उतरवायच्या आधी वजनकाट्यावर पूर्ण गाडीचं वजन केलं, मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा केलं. जवळजवळ सगळा माल मागच्या अ‍ॅक्सलवरच होता. तिथल्याच सपाट काँक्रीटवर टेप लावून चेसिसची उंची पुढे आणि मागे मोजली, मग रिकामी झाल्यावर पुन्हा मोजली. भरलेली असताना मागे तीन इंच खाली होती. रिकामी असताना पुढे-मागे सारखीच, म्हणजे दिसायला अगदी त्या व्हिडिओंसारखी झकास. तीच खरी आजाराची खूण होती, कारण रिकामी पिकअप मागे थोडी उंचच दिसायला हवी.

उस्तादांनी चेसिस जॅकवर घेऊन खाली घोड्या लावल्या, चाकं काढली, शॉकअपचे खालचे बोल्ट सोडले. यू-बोल्टचे नट गंजून चिकटले होते, ते कापूनच काढले. तसेही यू-बोल्ट एकदा ताणले गेले की परत वापरत नाहीत, नवेच घालतात. सेंटर बोल्ट सोडताना मात्र त्यांनी घाई केली नाही. पाटे एकमेकांवर दाबून बसलेले असतात, बोल्ट निघाला की उसळतात. आधी शिकंजा आवळला, बोल्ट काढला, मग शिकंजा हळूहळू सैल केला. पाटे वेगळे झाले तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूचा तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून आरपार तुटलेला निघाला. पाटा बहुधा तिथेच तुटतो, कारण भोकामुळे नेमकी तीच जागा कमजोर असते. तुटीची एक बाजू गंजून काळी, दुसरी चकचकीत. म्हणजे चीर जुनी होती, पुरता तुटला तो अलीकडे.

भावाचं म्हणणं, तुटलेला बदलायचा आणि वर प्रत्येक बाजूला एकेक पाटा जास्तीचा टाकायचा. हे सगळेच करतात. माझा विरोध होता. जाधववाडीहून परतताना गाडी रिकामी असते, म्हणजे निम्मं पळणं रिकाम्याने. जास्तीचा पाटा टाकला की रिकामी गाडी प्रत्येक गतिरोधकावर उडणार. शिवाय पाटा वाढला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पाटा टाकला की माल टाकायचा मोह होतो, हे भावाला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

शेवटी तुटलेल्याच्या जागी नवा पाटा आणि बाकीच्यांना कमान असं ठरलं. बसलेला पाटा ऐरणीवर आडवा धरून दोघे जण घण मारत होते, उस्ताद दर थोड्या वेळाने तो नव्या पाट्याशेजारी ठेवून कमान ताडून पाहत. मी विचारलं, भट्टीत तापवला तर लवकर वळेल ना? ते म्हणाले, "वळेल, पण पोलादाचं पाणी उतरेल. महिनाभरात परत बसेल." गार लोखंडावरच काम झालं. थरांमध्ये ग्राफाइटचं ग्रीस गेलं, नवा सेंटर बोल्ट आला. बसवताना बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या भोकात नीट बसलंय का, हे त्यांनी बोटाने चाचपून पाहिलं. ते चुकलं तर अ‍ॅक्सल तिरका होऊन गाडी कडेने पळते. यू-बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळले. शॅकलच्या बुशचे नट शेवटचे आवळले तेही चाकं जमिनीवर टेकल्यावर, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं.

एक गोष्ट गॅरेजवाले सहसा बोलत नाहीत. काही पिकअपना मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसिसपर्यंत एक दांडी असते, तिच्यावर मागच्या ब्रेकचा व्हॉल्व्ह चालतो. गाडी उंच झाली की व्हॉल्व्हला वाटतं माल नाहीये, आणि तो मागचा ब्रेक हलका करतो. भरल्या गाडीला उतारावर हे महागात पडेल. आमच्या गाडीला तो आहे, म्हणून ती दांडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मापाने बसवून घेतली, हेडलाइटही तिथेच खाली केले.

पहिली भरलेली खेप झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळले, प्रत्येक नट थोडाथोडा फिरलाच. आता भरलेली गाडी मागे किंचित बसते, पण समोरून कोणी लाइट मारत नाही. कॅरेटची थप्पीही केबिनला टेकवून लावतो, त्याने बराच फरक पडला. भावाचं समाधान मात्र झालेलं नाही. अद्रकच्या हंगामाआधी एकेक पाटा टाकूनच घेऊ, हे त्याचं अजून चालू आहे, आणि माझं आधी काट्यावर चल, हे.