आजोबांच्या गावातला मोर

वाचकहो, घरातले वडीलधारे माणूस ‘उद्याचे कशाला बोलता?’ असे म्हणू लागले, की त्याची काळजी घेणाऱ्याच्या काळजात चर्र होते. दवाखान्यात हे वाक्य मी अनेकदा ऐकते. त्यावर गोळी लिहून देता येतेच असे नाही. अशाच एका प्रसंगात माझ्या हातून एक चूक घडली. तिच्याबद्दल आज आपल्याशी बोलायचे आहे.

माझा दवाखाना पुण्यात, खडकीच्या छावणीलगत आहे. गेल्या पावसाळ्यात ८४ वर्षांच्या एक बाई मुलीचा हात धरून आल्या. घराणे अँग्लो-इंडियन; पण पिढ्यानपिढ्या खडकीत गेल्यामुळे मराठी अस्खलित. मी त्यांना आँटी म्हणते. यजमान जाऊन सात महिने झाले होते. जेवण निम्म्यावर आले होते, झोप तुटक, बोलणे जवळजवळ बंद. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ असे सारे तपासले. बी-१२ कमी होते, ते दिले. मनोविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने नैराश्यावरचे औषधही सुरू केले. दोन महिन्यांत वजन सावरले, पण आँटी गप्पच होत्या.

एके दिवशी मुलीने पिशवीतून एक जीर्ण कागद काढला. पेन्शनची कागदपत्रे शोधताना तो सापडला होता. आँटींचे पणजोबा आयर्लंडहून कंपनी सरकारच्या मुंबई युरोपियन पलटणीत भरती होऊन आले होते. नोकरीतून मुक्त झाल्याचा तो त्यांचा दाखला. (हीच पलटण पुढे १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलियर्सची दुसरी बटालियन झाली.) जन्मस्थळाच्या रकान्यात पुसट अक्षरे होती. मी सहज म्हणाले, “आँटी, हे गाव नकाशावर शोधू या का?” त्यांनी मान वर केली. कित्येक आठवड्यांत प्रथमच.

आयर्लंडमध्ये पूर्वजांचा माग काढताना नकाशाला फार महत्त्व आहे. १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सरकारी दप्तरखाना जळाला आणि १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचे बहुतांश कागद गेले. संपूर्ण स्वरूपात हाती असलेल्या सर्वांत जुन्या गणना म्हणजे १९०१ आणि १९११ च्या. त्याआधीच्या कुटुंबांसाठी मोठा आधार म्हणजे १८४७ ते १८६४ या काळात झालेली ‘ग्रिफिथ मूल्यांकना’ची नोंद. कोणत्या जमिनीवर कोणते कूळ राहते आणि जमीनदार कोण, हे तीत लिहिलेले आहे. ही यादी आणि तिचे नकाशे घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. तिथला सर्वांत लहान भूविभाग म्हणजे ‘टाउनलँड’, आपल्याकडच्या वाडी-शिवारासारखा. असे ६०,००० हून अधिक टाउनलँड त्या बेटावर आहेत आणि त्यांची नावे पुनःपुन्हा येतात.

माझी चूक इथेच झाली. कागदावरील पॅरिशचे नाव ‘किल’ने सुरू होत होते. आयरिश भाषेत ‘किल’ म्हणजे बहुधा चर्च, त्यामुळे अशी नावे ठिकठिकाणी आढळतात. काउंटीचे नाव मी घाईत ‘मीथ’ असे वाचले आणि त्याच नावाचे एक ठिकाण उघडले. रस्त्यावरून घेतलेली छायाचित्रेही दिसली: हिरवीगार कुरणे, दगडी कुंपणे, गुरे. आँटींनी पडद्यावर हात ठेवला. त्या रात्री त्या दोन पोळ्या जेवल्या, असा मुलीचा निरोप आला.

चार दिवसांनी मुलीनेच त्या कागदाचे छायाचित्र मोठे करून पाहिले. काउंटी ‘मीथ’ नव्हती, ‘मेयो’ होती. घडीत गेलेले जवळच्या शहराचे नाव कॅसलबार होते. मीथ पूर्वेला आणि मेयो पार पश्चिमेला. “डॉक्टर, सांगू नका,” मुलगी म्हणाली. “ती आनंदात आहे. तिला काय फरक पडतो?”

वाचकहो, हा प्रश्न काळजीवाहकांपुढे वारंवार उभा राहतो. त्या रात्री मीही तो मनात घोळवला. आँटींचे विस्मरण वयोमानाचे होते, समज शाबूत होती. समज असलेल्या माणसाला त्याच्याच घराण्याबद्दल खोटे सांगून खूश ठेवणे मला पटेना. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितले, “आँटी, मी चुकीचे गाव दाखवले. घाईने वाचले.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग उद्या परत बसायचं ना?”

‘उद्या’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

मेयोतील त्या पॅरिशमध्ये त्यांचे आडनाव शेजारशेजारच्या दोन टाउनलँडमध्ये सापडले. नाव एकच, एकाच्या शेवटी ‘मोर’, दुसऱ्याच्या शेवटी ‘बेग’. आयरिश भाषेत ‘मोर’ म्हणजे थोरले, ‘बेग’ म्हणजे धाकटे. आपल्या बुद्रुक आणि खुर्दसारखेच! यातले कोणते? आम्ही दोघी अडलो, तेवढ्यात आँटी हसू लागल्या. “माझे आजोबा सांगायचे, आपल्या गावाच्या नावात मोर आहे. मला लहानपणी वाटायचं, तिथं अंगणात मोर नाचत असतील!”

नकाशाला जे सांगता येत नव्हते, ते आँटींच्या आठवणीने सांगितले.

मग जुना नकाशा उघडला. आयर्लंडचा मैलाला सहा इंच या प्रमाणातील पहिला नकाशा १८४६ पर्यंत प्रसिद्ध झाला. त्यावर त्या ‘मोर’मध्ये घरांचा दाट पुंजका होता. १८८८ ते १९१३ दरम्यानचा पंचवीस इंची नकाशा त्याच जागी ठेवून पाहिला, तर तिथे फक्त बांधांच्या रेषा. मधल्या काळात बटाट्यावर करपा पडला होता. १८४५ पासूनच्या त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि तितकीच देशोधडीला लागली. मेयोने सर्वाधिक सोसले. पणजोबा पलटणीत का शिरले असतील, हे कोणी बोलून दाखवले नाही. आँटींनी डोळे पुसले, चहा मागवला आणि म्हणाल्या, “भुकेपायी आला असेल बिचारा.” आणि बशीतले बिस्किट उचलले.

आपणही असे काही करणार असाल, तर डॉक्टर म्हणून थोडे सांगते. हा छंद औषधाच्या जोडीला आहे, औषधाच्या जागी नाही. एका बैठकीला वीस मिनिटे पुरेत. पडदा मोठा आणि अक्षर ठळक असावे. आपण टंकलेखन करावे, बोलायचे काम वडीलधाऱ्यांकडे ठेवावे. त्यांच्या तोंडून आलेले प्रत्येक नाव, कितीही विचित्र वाटले तरी, वहीत लिहावे; लगेच दुरुस्त करू नये. विनामूल्य नोंदी आधी पाहाव्यात. हयात नातलगांच्या जन्मतारखा आणि ओळखपत्रे कुठेही चढवू नयेत. दुःखाची बातमीही निघू शकते, म्हणून शेवटी चहापाण्याला वेळ ठेवावा. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, किंवा जेवण-झोप बिघडली, तर मात्र डॉक्टरांकडे जावे.

आँटींचे औषध अजून चालू आहे. गेल्या महिन्यात तपासणीला आल्या, तेव्हा वही सोबत होती. तीत ‘मोर’मधल्या कुळांची यादी मुलीच्या अक्षरात होती आणि समासात थरथरत्या हाताने काढलेला एक मोर. रक्तदाब मोजू लागले, तर म्हणाल्या, “लवकर आटपा. ‘बेग’ची माणसं अजून बघायची राहिलीत.”